सगळ्या तपासण्या पार करूनही फाइल खराब कशी निघते?

उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही समजावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या संस्थेच्या पीथमपूर शाखेतून दिवसभराच्या हिशेबाची झिप फाइल रोज रात्री इंदूरच्या रामबागेतील मुख्य कार्यालयात येते. हिशेबाच्या संगणकावर तयार झालेली ही फाइल शाखेतल्याच एका जुन्या संगणकावर जमा होते आणि तिथून ब्रॉडबँडवरून इकडे पाठवली जाते. पाठवताना कधीही चूक दाखवली जात नाही, आकारातही एका बाइटचा फरक नसतो. पण महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ती उघडताना सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढून त्याच्यासोबत ठेवलेला पडताळणीचा आकडा, जुळत नसल्याचा संदेश येतो. तुम्ही केबल बदलली, स्विच बदलला, ब्रॉडबँडवाल्यांकडे तक्रारही केली. तारेवरची वाहतूक सांभाळणाऱ्या इथरनेटमध्ये सीआरसी आहे, पत्त्यावर पोहोचवणाऱ्या आयपीमध्ये आणि सगळे नीट पोहोचले का हे पाहणाऱ्या टीसीपीमध्ये चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, आहे; मग हार्डवेअरचा किंवा सॉफ्टवेअरचा दोष या सगळ्यांच्या नजरेतून सुटतो कसा, हा तुमचा प्रश्न.

नेटवर्कमधली प्रत्येक तपासणी दोन ठरावीक ठिकाणांमधल्या प्रवासाचीच हमी देते: जिथे बेरीज मांडली गेली ते ठिकाण आणि जिथे ती पडताळली गेली ते ठिकाण. त्या दोहोंच्या मध्ये जे बिघडते ते पकडले जाते. बेरीज मांडण्यापूर्वी किंवा पडताळल्यानंतर जे बिघडते त्याचा त्या तपासणीशी काही संबंध उरत नाही. उलट पुढची तपासणी त्या बिघडलेल्या मजकुरावरच नवी, अगदी बरोबर बेरीज मांडते आणि चुकीला खरेपणाचा शिक्का मिळतो. लाखेने मोहोरबंद केलेली थैली प्रत्येक नाक्यावर उघडून, आतला ऐवज दुसऱ्या थैलीत घालून, पुन्हा मोहोर लावून पुढे पाठवली जात असेल, तर शेवटची मोहोर शाबूत असण्याचा अर्थ शेवटच्या नाक्यापासून पुढे काही झाले नाही, एवढाच. तारेवरच्या गोंधळासाठी रचलेली ही व्यवस्था तारेवर उत्तम काम करते. यंत्राच्या पोटात आणि प्रोग्रामच्या ओळींत असलेले दोष मात्र नेमके नाक्यावर बसलेले असतात.

आधी तारेवरच्या दोषांकडे पाहू, कारण तुम्ही सुरुवात तिथून केलीत आणि ती चुकीची नव्हती. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या मजकुराच्या एकेका तुकड्याच्या, शेवटी 32 बिटांची सीआरसी असते. सलग 32 बिटांपर्यंतचा कोणताही झटका ती खात्रीने पकडते; 1518 बाइटांच्या पूर्ण लांबीच्या फ्रेममध्येही कुठेही विखुरलेल्या तीन बिटांपर्यंतच्या चुका तिच्यातून सुटत नाहीत; आणि त्यापलीकडे फ्रेम अगदी वेडीवाकडी झाली तरी ती योगायोगाने बरोबर ठरण्याची शक्यता साधारण 4,29,49,67,296 मध्ये एक एवढीच राहते. तांब्याच्या तारेवरील गिगाबिट इथरनेटचे मानकच मुळी दहा अब्ज बिटांमागे एका चुकीची मुभा देते, म्हणजे अगदी चांगली तारही पूर्ण वेगाने भरून वाहत असेल तर दर दहा सेकंदांना एक बिट चुकू शकतो. तरीही आपल्याला ते जाणवत नाही, याचे श्रेय या सीआरसीला आहे.

म्हणून तारेतला दोष सहसा फाइल खराब करत नाही, तो वेग खातो. सीआरसी न जुळलेली फ्रेम टाकून दिली जाते, ती हरवल्याचे टीसीपीच्या काही वेळाने लक्षात येते आणि तो ती पुन्हा मागवतो. इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो: शंभरात एक पॅकेट (फ्रेमच्या आत जाणारा मजकुराचा तुकडा) हरवत असेल तर वेग फार तर एक टक्क्याने कमी होईल, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती फार वेगळी आहे, कारण पॅकेट हरवले म्हणजे वाटेत गर्दी झाली, असाच अर्थ जुन्या पद्धतीचा टीसीपी लावतो आणि स्वतःचा पाठवण्याचा वेग निम्मा करतो. 1460 बाइटांची पॅकेटे, जाऊन-येऊन 40 मिलिसेकंदांचे अंतर आणि एक टक्का गळती असे धरले, तर नेहमीच्या सूत्राने एका जोडणीला जेमतेम साडेतीन मेगाबिट वेग मिळतो, मग लाइन 100 मेगाबिटची असो वा हजारची. गळती दहा हजारांत एक इतकी खाली आणली, तरच तो आकडा 35 च्या आसपास जातो. केबलच्या टोकाला कनेक्टर बसवतानाच्या एका सैल क्रिम्पिंगची किंमत ही अशी असते, आणि त्रुटी नियंत्रण ती निमूटपणे भरत राहत असल्यामुळे दोष महिनोन्‌महिने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आपल्या भागात हे दोष कुठून येतात, हेही अनुभवाने सांगतो. तांब्याच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली केबल हा पहिला प्रकार. तिचा रोध जास्त, ती वाकवली की आतून तुटते, आणि लांब अंतरावर किंवा केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देताना तिची अडचण उघड होते. दुसरा उन्हाळ्याचा: सांवेर रोडवरच्या कारखान्यांमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या बंद पेटीत ठेवलेला स्विच मे महिन्याच्या दुपारी किती तापतो याची कल्पना पेटीला हात लावल्याशिवाय येत नाही, आणि त्यातले ऑप्टिकल मॉड्यूल दुपारी दोन ते पाच या वेळेतच चुका करू लागते. तिसरा अर्थिंगचा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची शील्डेड केबल ओढलेली असेल तर दोन्हीकडच्या अर्थमधील फरक तिच्या शील्डमधून वाहू लागतो. पुढे जूनच्या पहिल्या गडगडाटात एखादे पोर्ट पूर्ण जळते, ते परवडते. पण अर्धवट दुखावलेले पोर्ट, ज्याचा दिवा हिरवाच राहतो आणि चुका मात्र होत राहतात, ते शोधायला आठवडे जातात. इमारतींमध्ये फायबरच टाका, हा माझा आग्रह त्यातूनच आलेला आहे.

डुप्लेक्स (दोन्ही टोके एकाच वेळी बोलतात, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) न जुळण्याचा दोषही इथेच नोंदवतो, कारण तो तारेचा वाटतो पण असतो मांडणीचा. एका टोकाला वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने पक्के केलेले, दुसऱ्या टोकाला स्वयंचलित. मग दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर जाते. जोडणी आहे का हे पाहणारा पिंग व्यवस्थित चालतो, कारण पॅकेट लहान आणि एकटे असते. मोठी फाइल पाठवताच एका बाजूला पहिले 64 बाइट निघून गेल्यानंतरच्या उशिरा टकरी आणि दुसऱ्या बाजूला सीआरसीच्या चुका एकाच वेळी वाढू लागतात. ही जोडी दिसली की केबल न बदलता दोन्ही टोके स्वयंचलित करावीत.

चुकांचे मोजमाप वाचताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. पूर्ण फ्रेम साठवून, तपासून मगच पुढे देणारा स्विच खराब फ्रेम तिथेच अडवतो, त्यामुळे ज्या पोर्टवर चुका दिसतात त्याच पोर्टची तार संशयित ठरते. पण फ्रेमचा पत्ता वाचताच ती पुढे ढकलायला सुरुवात करणारे वेगवान स्विच मोठ्या संगणककेंद्रांत वापरले जातात. त्यांना सीआरसी चुकल्याचे कळेपर्यंत फ्रेमचा बराचसा भाग पुढे गेलेला असतो. तिथे एका तारेचा दोष तीन-चार स्विचांच्या मोजणीत उमटतो आणि निर्दोष तारा बदलल्या जातात. फायबरवर त्याच्याही आधी एक थर असतो, चुका नुसत्या न पकडता जागेवर दुरुस्त करणारा. जीपॉन या फायबर ब्रॉडबँडच्या तंत्रात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत 239 बाइटांना 16 जादा बाइट जोडून आठ बाइटांपर्यंतची चूक सुधारता येते. कनेक्टरवर धूळ बसत जाते तशी दुरुस्त केलेल्या चुकांची संख्या वाढत जाते आणि लाइन मात्र स्वच्छ दिसत राहते, म्हणून शक्य असेल तिथे हा आकडाही पाहावा.

आता तुमच्या फाइलीकडे येतो. राउटर प्रत्येक पॅकेटच्या आयपी शीर्षातला आयुर्मर्यादेचा आकडा एकने कमी करतो, जुनी इथरनेट चौकट काढून टाकतो, नवी चढवतो आणि तिच्यावर नव्याने सीआरसी मांडतो. आत आलेल्या फ्रेमची सीआरसी तपासली गेली तो क्षण आणि बाहेर जाणाऱ्या फ्रेमची मांडली गेली तो क्षण, यांच्या मध्ये पॅकेट राउटरच्या रॅममध्ये पडून असते. तिथे एखादा बिट उलटला तर इथरनेटची एकही तपासणी त्याला पकडू शकत नाही. तिथे फक्त टीसीपीचा चेकसम आपल्या बाजूने उभा असतो, कारण तो पाठवणाऱ्या संगणकाने मांडलेला आणि घेणाऱ्याने पडताळलेला असतो.

पण हा चेकसम फार साधा आहे: 16-16 बिटांच्या शब्दांची विशिष्ट पद्धतीने केलेली बेरीज. एकटा बिट उलटला तर ती तो नक्की पकडते. मात्र बेरजेत क्रमाला अर्थ नसतो. 1200 आणि 3400 या दोन शब्दांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच, आणि एक शब्द 1201 व दुसरा 3399 झाला तरीही तीच. सरसकट विस्कटलेल्या मजकुराबाबत ती चुकून जुळण्याची शक्यता 65,536 मध्ये एक इतकी धरतात. तारेवर क्वचितच आढळणारे प्रकार, म्हणजे शब्दांची अदलाबदल, एखादा तुकडा दोनदा येणे, जुन्या बफरमधला (तात्पुरत्या साठवणीच्या जागेतला) मजकूर नव्यात मिसळणे, हे यंत्राच्या आत मात्र अगदी नेहमीचे असतात, म्हणून हा चेकसम नेमका जिथे हवा तिथे कमजोर पडतो. सन 2000 मध्ये स्टोन आणि पार्ट्रिज या संशोधकांनी खऱ्या वाहतुकीचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांना साधारण 1,100 ते 32,000 पॅकेटांमागे एका पॅकेटचा टीसीपी चेकसम चुकलेला आढळला, आणि तोही अशा वाटांवर जिथे प्रत्येक दुव्याची सीआरसी शाबूत होती. एवढ्या चुका तारेवर होणे शक्यच नव्हते. त्या राउटरांत, नेटवर्क कार्डांत आणि संगणकांवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होत होत्या.

इथून एक निदान मिळते, आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरात तेच सर्वांत उपयोगी आहे. दोन्ही टोकांवरच्या पोर्टांवर सीआरसीच्या चुका शून्य आहेत, पण घेणाऱ्या संगणकाच्या टीसीपी आकडेवारीत चेकसम चुकलेल्या पॅकेटांची संख्या वाढत आहे, असे दिसले तर तारांना हात लावू नका. वाटेवरचे कोणते तरी यंत्र आतून बिघडलेले आहे. लिनक्सवर ही संख्या एनस्टॅट या आज्ञेने वेगळी पाहता येते.

तुमच्या बाबतीत मात्र मला तेही दिसेल असे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी एक जुना अनुभव सांगतो. इथल्या एका छपाई कारखान्यात पॅकिंगच्या डिझाइनच्या मोठ्या फाइली एका सामायिक संगणकावर ठेवल्या जात आणि तिथून छपाईच्या यंत्राकडे जात. कधीतरी एखाद्या चित्रात मधेच बारीक रंगीत रेघ उमटे. मी तिथे दोन दिवस तारा तपासण्यात घालवले. सीआरसीच्या चुका शून्य, टीसीपीच्या चेकसमच्या चुकाही शून्य. शेवटी मूळ फाइल आणि बिघडलेली फाइल बाइट-बाइट लावून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक फरक 32 चाच निघाला, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तोच एक बिट 1 चा 0 झालेला होता. रात्रभर रॅमची चाचणी लावली आणि पहाटेपर्यंत त्या सामायिक संगणकाच्या रॅमचा एकच एक पत्ता पुन्हा पुन्हा लाल झालेला दिसला. नेटवर्क तेवढे दिवस निष्ठेने काम करत होते. त्याच्या हातात दिला गेलेला मजकूरच चुकीचा होता, आणि त्याने तो एका बिटाचाही फरक न करता पोहोचवला होता.

तोच रॅमचा दोष राउटरमध्ये असता तर परिणाम अगदी वेगळा झाला असता. राउटरमध्ये उलटलेला एकटा बिट टीसीपीच्या चेकसमने पकडला असता, पॅकेट पुन्हा मागवले गेले असते, आणि तक्रार खराब चित्राची न येता संथ नेटवर्कची आली असती. सामायिक संगणकावर मात्र टीसीपीची एक जोडणी संपते, मजकूर रॅममध्ये व डिस्कवर विसावतो आणि दुसरी जोडणी नव्या चेकसमसह सुरू होते. तुमच्या शाखेतला तो जुना संगणक नेमका याच जागी आहे. प्रॉक्सी, मेल सर्व्हर, जोडणी स्वतःकडे तोडून मजकूर तपासणारे अँटीव्हायरस आणि फायरवॉल, ही सगळी त्याच जातीची ठिकाणे होत.

सॉफ्टवेअरचे दोष या फटी आणखी रुंद करतात, आणि ते बहुतेकदा चांगल्या हेतूने केलेल्या सुधारणांतून येतात. आजची नेटवर्क कार्डे चेकसम पडताळण्याचे काम प्रोसेसरऐवजी स्वतःच करतात. वेग वाढतो, पण पडताळणी कार्डात झाल्यानंतर मजकूर संगणकाच्या आतल्या बसमधून (वाहतुकीच्या मार्गातून) रॅमपर्यंत जातो, आणि तेवढा प्रवास उघडा पडतो. ड्रायव्हरने बफर वेळेआधी मोकळा करून दुसऱ्या पॅकेटला दिला, तर तपासणी उत्तीर्ण झालेल्या पॅकेटमध्ये परका मजकूर येऊन बसतो. अशी शंका आली तर एथटूल या लिनक्सच्या आज्ञेने कार्डाकडची ही कामे काही दिवस बंद ठेवून फरक पडतो का, ते पाहावे. इथेच एक इशारा: पाठवणाऱ्याच संगणकावर वायरशार्क हा पॅकेटे पाहण्याचा प्रोग्राम चालवला तर बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचे चेकसम चुकीचे दिसू शकतात, कारण कार्डाने ते अजून भरलेले नसतात. तो दोष नव्हे. त्यापायी चांगली कार्डे बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

लिनक्सच्या गाभ्यात असाच एक दोष बरीच वर्षे होता आणि 2016 च्या सुरुवातीला त्याची सविस्तर माहिती बाहेर आली. कंटेनरांना (एकाच यंत्रावर वेगवेगळ्या कप्प्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांना) जोडण्यासाठी वापरले जाणारे व्हीईथ हे आभासी उपकरण काही परिस्थितींत बाहेरून आलेल्या पॅकेटवर ‘चेकसम तपासण्याची गरज नाही’ अशी खूण करत असे. एकाच यंत्रातल्या दोन आभासी टोकांमध्ये तार नसतेच, म्हणून तपासणी वगळण्याचा विचार योग्य होता. पण खऱ्या तारेवरून आलेले पॅकेटही त्याच वाटेने आत जात होते. अशा यंत्रासमोर एखादा बिघडलेला स्विच आला की खराब मजकूर थेट प्रोग्रामच्या हातात पडत असे. हार्डवेअरचा दोष आणि सॉफ्टवेअरचा दोष एकमेकांना भेटतात तेव्हा काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. दोहोंपैकी एकच असता तर काहीही बिघडले नसते.

पत्ते बदलणारी नॅट यंत्रणाही अशीच नाजूक जागा आहे. पत्ता व पोर्ट बदलले की टीसीपीचा चेकसमही बदलावा लागतो. योग्य रीत अशी की जुन्या बेरजेतून जुना पत्ता वजा करून नवा मिळवायचा. त्यात मजकुराला हात लागत नाही, आणि मजकूर आधीच बिघडलेला असेल तर बेरीज न जुळणारीच राहते. पण एखाद्या फर्मवेअरने सोपे म्हणून सगळी बेरीज नव्याने मांडली, तर आधीची चूक कायमची झाकली जाते.

त्रुटी नियंत्रणाला दोष चुकवून जातात, एवढ्यावरही हे थांबत नाही. कधी कधी दोष त्रुटी नियंत्रणालाच शस्त्र बनवतात. 27 ऑक्टोबर 1980 रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट हे जाळे काही तास ठप्प झाले, ते असेच. त्यातल्या एका नोडच्या, म्हणजे वाहतूक पुढे पाठवणाऱ्या संगणकाच्या, रॅममध्ये बिट गळत होते. दुसऱ्या एका नोडच्या स्थितीची माहिती देणाऱ्या संदेशाचा अनुक्रमांक 44 होता. त्यातला एक बिट गळून 40 झाला, आणखी एक गळून 8 झाला. अनुक्रमांक सहा बिटांचे, 63 नंतर पुन्हा शून्यावर येणारे; त्यामुळे तुलनेच्या नियमानुसार 40 हा 8 पेक्षा नवा, 44 हा 40 पेक्षा नवा आणि 8 हा 44 पेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक नोड तिन्ही संदेश ‘नवे’ म्हणून स्वीकारत राहिला, शेजाऱ्यांना पाठवत राहिला, आणि या संदेशांना प्राधान्य असल्यामुळे दुसऱ्या कशालाच जागा उरली नाही. संदेश तारेवर असताना तपासला जात होता, यंत्राच्या स्मृतीत पडून असताना नाही. 28 वर्षांनी, 20 जुलै 2008 रोजी, अ‍ॅमेझॉनची एसथ्री ही साठवण सेवा काही तास बंद पडली, तेव्हाही कारण याच घराण्यातले होते: ग्राहकांच्या मजकुरावर चेकसम होते, पण सर्व्हर एकमेकांना स्वतःच्या स्थितीचे जे संदेश पाठवत त्यांच्यावर नव्हते, आणि त्यांत एकेक बिट चुकलेले संदेश सगळीकडे पसरत गेले.

पुन्हा पाठवण्याच्या घड्याळातला दोषही तितकाच महाग पडतो. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांमधला वेग 32 किलोबिटांवरून 40 बिटांपर्यंत कोसळला. दोन ठिकाणांमधले अंतर जेमतेम 400 यार्डांचे होते. गर्दीत उशीर झालेली पॅकेटे हरवली असे समजून सगळे संगणक ती पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि गर्दी वाढवत होते. त्यानंतरच्या दुरुस्त्यांतून आजचा संयमी टीसीपी घडला. तुमच्या रोजच्या व्यवहारात याचा छोटा भाऊ भेटेल: ब्रॉडबँडच्या पीपीपीओई प्रकारच्या जोडणीवर पॅकेटची कमाल मर्यादा 1500 ऐवजी 1492 बाइटांची असते, आणि ‘पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठवा’ हा आयसीएमपी संदेश एखाद्या फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली अडवला, तर पाठवणारा संगणक तेच मोठे पॅकेट न कंटाळता पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. जोडणी होते, लहान मजकूर जातो, मोठी फाइल लटकते. तार निर्दोष, यंत्र निर्दोष, चूक एका नियमाच्या ओळीत.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. झिपचा संदेश तुम्हाला त्रासदायक वाटतो आहे, पण तुमच्या सगळ्या साखळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारी ती एकमेव तपासणी आहे, कारण तिची सीआरसी हिशेबाच्या संगणकावर मांडली जाते आणि थेट रामबागेत उघडताना पडताळली जाते. तिने तुम्हाला वाचवले आहे. हाच विचार साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांनी 1984 च्या लेखात मांडला होता आणि त्याला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एका गेटवेचा (दोन जाळी जोडणाऱ्या यंत्राचा) दाखला दिला होता: तो गेटवे बफरमधून बफरमध्ये उतरवताना साधारण दहा लाख बाइटांमागे एक बाइट-जोडी उलटी करत असे, प्रत्येक टप्प्यावरचे चेकसम जुळत, आणि शेवटी लोकांना आपल्या प्रोग्रामच्या फाइली जुन्या छापील प्रतींशी ताडून हाताने सुधाराव्या लागल्या.

तेव्हा हिशेबाच्या संगणकावर झिप तयार होताच तिची शा-256 बेरीज (फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून वेगळ्या लहान फाइलीत लिहा, तीच बेरीज शाखेतल्या जुन्या संगणकावर आणि पुन्हा मुख्य कार्यालयात काढा. ती शाखेतच बिघडलेली दिसली तर नेटवर्कचा प्रश्न तिथेच मिटला. जुन्या संगणकावर मात्र ही बेरीज दोनदा काढा आणि मध्ये तो संगणक बंद करून चालू करा, कारण पहिल्या वेळी फाइल रॅममधल्या प्रतीवरून वाचली जाण्याचा संभव असतो. एकाच फाइलीच्या दोन वेगळ्या बेरजा आल्या तर रॅम किंवा डिस्कचा मार्ग दोषी, हे जवळपास निश्चित होते. नंतर त्याच्या रॅमची चाचणी रात्रभर चालवा, आणि शक्यतो वातानुकूलन बंद ठेवून, कारण असे दोष थंड खोलीत लपतात. पाठवण्यासाठी साधी कॉपी न वापरता एसएसएच किंवा टीएलएस या सांकेतिक जोडण्यांवरून पाठवा; त्यांची तपासणी टीसीपीच्या बेरजेपेक्षा कितीतरी कडक असते आणि वाटेत काही बिघडले तर जोडणीच तुटते. एसएसएचने ‘करप्टेड मॅक ऑन इनपुट’ असा संदेश दिला तर तो पासवर्डाचा प्रश्न नाही, कार्ड, रॅम किंवा वाटेवरच्या एखाद्या यंत्राचा आहे. जुन्या संगणकाच्या जागी नवे यंत्र घ्याल तेव्हा एक बिट सुधारणारी आणि दोन बिटांची चूक ओळखणारी ईसीसी रॅम असलेलेच घ्या. पैशांची ओढाताण असेल तर प्रोसेसर हलका घ्या, रॅमवर तडजोड करू नका. आणि झिप करण्याचे काम त्या जुन्या संगणकाकडे कधीही सोपवू नका: सदोष रॅममध्ये आधीच बिघडलेल्या मजकुरावर झिप आपली सीआरसी मांडेल, ती कायम जुळत राहील आणि तुमची एकमेव खरी तपासणीही निकामी होईल.

शेवटची गोष्ट तातडीची आहे. त्या संगणकावरून हिशेबाच्या झिपशिवाय स्कॅन केलेली कागदपत्रे, फोटो किंवा साध्या मजकुराच्या याद्याही येत असतील, तर त्यांतल्या पुष्कळ फाइली बिघडूनही बिनतक्रार उघडतात. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या झिप फाइली चाचणीच्या आज्ञेने तपासून पहिली खराब फाइल कोणत्या तारखेची आहे ते शोधा, आणि त्या तारखेच्याही महिनाभर आधीपासूनच्या बाकीच्या फाइली शाखेतल्या मूळ प्रतींशी ताडून घ्या. मूळ प्रती ज्या संगणकांवर आहेत त्यांच्या डिस्क या आर्थिक वर्षाअखेरीस पुसल्या जाणार असतील, तर हे काम त्याआधी उरका.